शेकहँड अंकलचा हात

मी तिसरी नापास. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी देश स्वतंत्र करणाऱ्या पुढाऱ्यांबद्दल बोलणार आहे आणि कुणाला वाटायला नको की म्हाताऱ्यानं पुस्तकं वाचलीत. मी त्यांचे गाल घासलेत, एवढाच आमचा संबंध.

मीरा रोडला, हाटकेश भागात एका गाळ्यात फायबरचे पुतळे बनायचे, तिथं मी घासकामाला होतो. कारागीर मातीत माणूस घडवायचा, त्यावरून साचा निघायचा, साच्यातून फायबरचा पुतळा. साच्यातून नुकता निघालेला पुतळा फार वाईट दिसतो. मधोमध शिवण, गालावर फोड, नाकाच्या शेंड्यावर गोळा. ते सगळं घासून त्याला लोकांत उभं राहण्यासारखा करायचा, हे माझं काम. नाक घासायचं तर डोकं मांडीवर घ्यावं लागतं. म्हणजे मोठमोठे पुढारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेले आहेत, आणि मी त्यांच्या तोंडावर तंबाखूची धूळ झटकत बसलेलो आहे.

आपले पुढारी चेहऱ्यानं ओळखू यायचे. बाहेरच्या देशांचे मला कानांनी ओळखू यायचे. कानाच्या घडीत पॉलिश पेपर जात नाही, काडीला गुंडाळून घालावा लागतो. ज्याचे कान मोठे तो माझ्या लेखी मोठा पुढारी, कारण त्याला एक दिवस जास्त जायचा.

गाळ्यात कोटाची छाती एकच होती. शेठनं एकदा चांगला साचा करून घेतला होता, तोच सगळ्यांना. कॉलर बदलायची, बटणं कमीजास्त करायची, वर दुसरं डोकं बसवायचं, झाला दुसरा देश. हे मी रोज डोळ्यांनी बघत होतो, तरी माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की देश स्वतंत्र करायला छाती एवढीच लागते. एकदा कट्ट्यावर एक रिटायर मास्तर म्हणाले, अमका पुढारी अंगानं अगदी किरकोळ होता. मी भांडलो. म्हटलं, "मास्तर, मला सांगता? मी स्वतः घासलाय त्याला." घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, जेलात वर्षंच्या वर्षं काढलेला माणूस तो. त्याची छाती कुठून भरणार? शेठच्या साच्यातनं?"

ती सातवी शिकलेली. आमच्या घरात सातवी म्हणजे वकीलच. दुपारी माझा डबा घेऊन गाळ्यावर यायची आणि मी जेवेपर्यंत पुतळ्यांमधून फिरायची. खालच्या पाट्या वाचून मला सांगायची, हा कुठला, हा किती साली सुटला, ह्यानं झेंडा कुठं लावला. मग तिचे प्रश्न सुरू.

"ज्या दिवशी जेलातनं सुटून आला, त्या दिवशी बायकोनं काय केलं असेल हो जेवायला?"

"मला काय माहीत. मी फक्त कान केलेत."

"आणि हे सगळे लांबच का बघतात?"

"पुढारी आहेत ते. लांबचं बघतात."

"मग जवळचं कोण बघत होतं? असणार कुणीतरी घरात. तिचा नाही पुतळा बनवत तुमचा शेठ."

मी म्हणायचो, "अगं, भाजीत मीठ कमी आहे." इतिहासात माझी उडी एवढीच.

ती गेली त्याला अकरा महिने झाले.

आता हाताचं सांगतो. इंद्रलोक वस्तीतल्या एका शाळेनं सहा पुढाऱ्यांची ऑर्डर दिली होती. नवे देश उभे करणारे सहा, कमरेपर्यंतचे, शाळेच्या पटांगणात ओळीनं लावायला. दोन आपले, चार बाहेरचे. पाच जणांचे हात शालीखाली आणि कोटाखाली दडवून कारागिरानं काम हलकं केलं होतं. सहावा आफ्रिकेतल्या एका देशाचा पहिला पुढारी. देशाचं नाव मला तेव्हाही नीट म्हणता येत नव्हतं, आता तर दात नाहीत. शाळेनं दिलेल्या फोटोत त्याचा उजवा हात छातीसमोर पुढे आलेला आणि हातात कागदाची गुंडाळी. देश आजपासून आमचा, असं लिहिलेला कागद. तो हात काही दडवता येईना.

कारागिरानं मातीत दोनदा हात केला. पहिला बघून शेठ म्हणाला, "यह हाथ है के केळा का लूम?" दुसरा त्याहून वाईट झाला. पंधरा ऑगस्ट चार दिवसांवर. शेवटी ठरलं की जिवंत माणसाच्या हातावर प्लास्टर लावून सरळ साचाच काढायचा. पण हात कुणाचा? माझे हात केमिकलनं सुजून पावासारखे झालेले. कारागिराचं एक बोट मशीनमध्ये अर्धं गेलेलं. शेठच्या बोटांत पाच अंगठ्या, त्या लग्नापासून निघालेल्या नव्हत्या. तेवढ्यात ही डबा घेऊन आली.

तिचा हात मोठा होता. हाडापेराची बाई, रायगडातल्या शेतावर वाढलेली. शेठनं हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "भाभी, जरा सीधा हाथ दिखाना."

"काय झालं? मी काही नाही घेतलं तुमचं," ती म्हणाली.

तिला समजावलं. बांगड्या वर सारल्या, तेल चोळलं, मूठ अर्धी उघडी ठेवायला सांगितली, कागदाची गुंडाळी नंतर बसवायची होती. कारागिरानं प्लास्टर थापायला घेतलं. प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

"अहो, गरम होतंय!"

"तापतंच ते. हलू नको."

"किती वेळ?"

"झालंच. आता तू आफ्रिकेचा पुढारी आहेस. जरा लांब बघ."

"लांब काय बघू? तुमचा डबा उघडा पडलाय, त्यावर माशी बसलीय, ती बघतेय मी."

साचा निघाला, त्यातून फायबरचा हात निघाला. मी हातात घेऊन बघितला. सगळं आलं होतं. नखांच्या कडा, बोटांच्या पेरांवरचे डाग, मनगटावर बांगड्या रुतून पडलेले वळ. शेठ म्हणाला, "वाह. मगर बांगडी का निशान घिसो. मर्द का हाथ है."

मी घासला. आणि असा तसा नाही घासला. जाड पेपरनं वळ काढले, मधल्यानं पेरांच्या सुरकुत्या, पाण्यातल्या बारीक पेपरनं नखांच्या कडासुद्धा मोडल्या. दीड दिवस बसून माझ्या बायकोला माझ्याच हातानं पुसून काढली, आणि शेठनं "क्या फिनिशिंग है" म्हटल्यावर वर छाती काढून उभा राहिलो. माझ्या सगळ्या नोकरीत शेठनं माझं असं कौतुक एकदाच केलं. मुठीच्या आत तेवढा पेपर जात नव्हता. काडी घालायचा कंटाळा केला. म्हटलं, आत गुंडाळी बसणार, कोण बघतंय.

पुढे आठवडाभर घरात तिची मिजास. भांड्यांचा ढीग तसाच. "माझा हात देशाच्या कामात आहे. घासकाम तुमचं, भांडी तुम्ही घासा." तिला तो पुतळा शाळेत उभा राहिलेला बघायचा होता. मी म्हणायचो, पुढच्या पंधरा ऑगस्टला जाऊ. पुढच्या पंधरा ऑगस्टला पाऊस होता. त्याच्या पुढच्या वेळी माझी कंबर धरली होती. मीरा रोडवरून इंद्रलोक म्हणजे काही आफ्रिका नाही. बसनं अर्धा तास. पण मी तिला नेलं नाही ते नाहीच.

शेवटी हॉस्पिटलात तिच्या त्याच हाताला सलाइन होतं. हात सुजून वर आला होता. नर्स म्हणाली, "काका, बोलत राहा त्यांच्याशी, हात धरा." मी हात धरला नाही. सुई हलेल म्हणून, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे वॉर्डात माणसं होती आणि मला लाज वाटली. सगळ्या संसारात मी चारचौघांत तिचा हात धरलेला नव्हता, आता मरताना काय नाटकं करायची, असं वाटलं. मी एक्स-रेची पिशवी दोन्ही हातांनी धरून उभा होतो. ती पिशवी मी फार घट्ट धरली होती.

घरात तिचा फोटो आहे तो ओळखपत्रावरून मोठा केलेला. मानेपर्यंतच. रोज सकाळी हार बदलताना मला एकच गोष्ट खुपते, फोटोत हात नाहीत. मग एक दिवस हार घालता घालता आठवलं, की आहे. एक हात आहे अजून.

गाळा आता राहिला नाही, तिथं केकचे खोके बनतात. साचा कधीच भंगारात गेला. उरला तो शाळेतला. आणि तो कोटाच्या बाहीत दोन बोल्टांवर बसवलेला आहे, हे मला माहीत होतं, कारण बोल्ट मीच आवळले होते. सत्तरी उलटलेल्या माणसानं शाळेत जाऊन पुढाऱ्याचा हात चोरायचा, हा विचार मला अजिबात वेडा वाटला नाही. उलट मी नीट तयारी केली. मुलाच्या स्कूटरच्या डिकीतला पाना घेतला. हात गुंडाळून आणायला तिचाच एक जुना टॉवेल घेतला. हात काढल्यावर बाही रिकामी दिसेल तर काय सांगायचं, याचा मात्र विचार केला नव्हता. मी नेहमी असाच अर्धा विचार करतो.

निघताना सुनेनं विचारलं, "बाबा, कुठं?"

"बँकेत."

शाळेच्या गेटवर वॉचमन. "किधर, काका?"

"पुतले का काम है. हाथ ढीला हो गया है." हे मी बसमध्ये घोकून ठेवलं होतं.

तो हसला. "अरे, बहुत दिन से ढीला है. मैं बोल-बोल के थक गया. जाओ, जाओ." आयुष्यात पहिल्यांदा केलेली चोरी, तिलाही लोकांनी दरवाजा उघडून दिला.

सहाही जण ओळीत उभे होते. मी सगळ्यांचे कान बघितले, चांगले टिकलेत. शेवटी आफ्रिकेचा. कोट कबुतरांनी रंगवलेला. हातातली कागदाची गुंडाळी कुणीतरी कधीच उपसून नेलेली, त्यामुळे पुढारी मोकळा हात पुढे करून उभा होता, तुमच्याशी हात मिळवायला. अंगावरचा ब्राँझचा रंग सगळीकडे होता, फक्त त्या हातावरचा उडालेला. तळवा, बोटं, सगळं पांढुरकं, गुळगुळीत.

मी पाना काढून बाहीत घातला. एक बोल्ट खरंच सैल झाला होता, बोटानंच फिरला. दुसऱ्याला पाना लावायचा म्हणून हात खालून धरला. आणि थांबलो.

मी तिचा हात शोधायला आलो होतो आणि माझ्या हातात माझं घासकाम होतं. मनगट सपाट. वळ नाही, पेरं नाहीत, नखं मेणबत्तीसारखी. कुणाही पुरुषाचा हात. मला माझ्या फिनिशिंगचा असा राग आला की पाना त्याच्यावरच हाणावासा वाटला. एवढ्या लांब आलो आणि काय मिळालं तर शेठची शाबासकी.

बोल्ट फिरवायचा तर पकड हवी, म्हणून मी बोटं त्या अर्ध्या मुठीत घातली. अंगठ्याच्या बुडाशी बोटाला काहीतरी लागलं. खाच. एक बोटभर, तिरकी.

ती विळीची खूण. लग्नाच्या पहिल्या वर्षीची. मला कामाला उशीर होत होता आणि मी ओरडत होतो, ती नारळ खवत होती, घाईत हात घसरला. त्या दिवशी मी तिला फडक्यात हात गुंडाळायला लावून आधी डबा भरायला लावला होता. मुठीच्या आत पेपर गेला नव्हता म्हणून ती राहिली. माझ्या आळशीपणामुळे. माझ्या सगळ्या नोकरीत मी एक काम नीट केलं नाही आणि तेच एवढं कामाचं निघालं.

मी तसाच उभा होतो. पाना बाहीत, बोटं मुठीत. मागून आवाज आला, "आजोबा, काय करताय?"

वळून बघितलं तर एक बाई आणि त्यांच्यामागे तिसरी-चौथीची पोरं ओळीनं.

"हात ढिला झालाय," मी म्हटलं. मनगटानं नाक पुसलं. बाईंना वाटलं सर्दी आहे.

"बरं झालं तुम्ही आलात. आज आमची युनिट टेस्ट आहे. पोरं शेकहँड अंकलला हात मिळवल्याशिवाय पेपरला बसत नाहीत. आम्ही किती सांगितलं, ऐकतच नाहीत."

"कुणाला?"

"शेकहँड अंकलला. हेच." मग त्या पोरांकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलल्या. मला त्यातलं नेशन आणि हँड तेवढं कळलं. माझ्यासाठी त्यांनी मराठीत सांगितलं, "या हातानं एक अख्खा देश उभा केला, आजोबा."

मी म्हटलं, "बाई, या हाताला पोळीला तेल फार लागायचं."

बाई हसल्या. म्हातारा चळलाय, असं त्यांना वाटलं असणार. त्यात फार चूक नव्हतं. पण मला आतल्या आत वेगळंच हसू येत होतं. सगळा संसार हिनं मला अहो म्हणून हाक मारली, आणि मेल्यावर हीच अंकल झाली.

पोरं वाट बघत होती. पुढची एक पोरगी, दोन वेण्या, पंजा पुसून तयार. तिनं मला विचारलं, "अंकल का हाथ टूट गया?"

आता तुम्हीच सांगा, काय करायचं. पिशवीत टॉवेल. एक बोल्ट मोकळा, दुसरा दोन आट्यांत निघाला असता. हात माझ्या बायकोचा, माझ्या हक्काचा. समोर पेपरला निघालेली चाळीसएक पोरं. मी पाना लावला आणि आवळला. दोन्ही बोल्ट. उलट दोन आटे जास्तच आवळले, मनगट दुखेपर्यंत, म्हणजे माझं.

"नहीं टूटा," मी म्हटलं. "लाव जोर."

पोरीनं हात मिळवला, घट्ट. तिचा अंगठा बरोबर त्या खाचेत बसला. मग दुसरं पोरगं, मग तिसरं. कुणी नुसतं टाळी दिल्यासारखं, कुणी दोन्ही हातांनी. एवढ्या माणसांनी तिचा हात धरला, कुणाला लाज वाटली नाही. सगळी झाली तेव्हा ओळीत शेवटी मी उभा होतो. कधी उभा राहिलो, कळलं नाही. शेवटच्या पोरानं मागं बघून विचारलं, "आपका भी टेस्ट है?"

"हाँ," म्हटलं.

"कौन सा सब्जेक्ट?"

"गणित." दुसरं काही सुचलं नाही. तिसरीत मी त्यातच गेलो होतो.

मग मी हात धरला. पटांगणात, बाईंच्या, वॉचमनच्या आणि पाच पुढाऱ्यांच्या समोर. पुढारी लांब बघत होते, त्यांचं बरं असतं. घंटा झाली, बाई म्हणाल्या, "आजोबा, निघा आता, पेपर सुरू होतोय." तेव्हा सोडला.

घरी आलो तर सून दारातच. "बाबा, बँकेत गेला होतात?"

"हो."

"आज दुसरा शनिवार आहे. बँक बंद असते." मग तिनं पिशवी घेतली, आत बघितलं. "आणि बँकेत पाना आणि आईंचा टॉवेल कशाला लागतो?"

मला खोटं नीट बोलताही येत नाही. सांगितलं सगळं. गाळा, प्लास्टर, वळ, विळी, बोल्ट. ती ओट्याला टेकून ऐकत होती. दूध उतू गेलं तरी तिनं गॅस बंद केला नाही, मीच केला. मग म्हणाली, "आईंनी मला कधी हात नाही लावला हो प्रेमानं. तापात कपाळावर ठेवायच्या तेवढाच, तोही थर्मामीटर सापडेपर्यंत." तिनं ओट्यावरचं दूध पुसून घेतलं. "मी आले तर चालेल?"

"ये की," मी म्हटलं. "पण सकाळी लवकर निघू. रांग असते तिथं."